“वाचलं की विचारतात”

“मॅडम, चौथीत गेला तरी पुस्तकाला हात लावत नाही. मोबाइल मात्र सुटत नाही.” जून-जुलैत माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आया हेच वाक्य घेऊन येतात. ही आई सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून एसटीने आली होती. सोबत मुलगा. त्याला सोहम म्हणू या. खरं नाव वेगळं आहे.

आधी डोळे तपासून आणायला सांगितले. ते ठीक निघाले. मग माझ्यासमोर एक परिच्छेद वाचायला दिला. जोडाक्षरांपाशी तो अडायचा, घाम पुसायचा, पण वाचलेलं त्याला कळत होतं. हे आधी बघावंच लागतं. वर्षानुवर्षं शिकवूनही मूल अक्षरांची अदलाबदल करत असेल, ओळच्या ओळ सुटत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायला हवी. अशा मुलाला “आळशी” म्हणणं फार मोठा अन्याय आहे. सोहमचं तसं नव्हतं.

“वाचायला का नको वाटतं रे?”

बराच वेळ तो चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, “वाचलं की विचारतात.”

“काय विचारतात?”

“तात्पर्य.”

वडील रात्री समोर बसवून वाचून घ्यायचे आणि चार ओळी झाल्या की अर्थ विचारायचे. चुकला की परत पहिल्यापासून. काळजीपोटीच करत होते, त्याबद्दल मला शंका नाही. पण पोरासाठी प्रत्येक पुस्तक म्हणजे तोंडी परीक्षा झाली होती. मोबाइल काही विचारत नाही, म्हणून तो मोबाइलकडे जायचा.

आईला मी एकच गोष्ट सांगितली: रोज रात्री पंधरा मिनिटं तुम्ही वाचायचं, त्याने ऐकायचं, आणि नंतर एकही प्रश्न विचारायचा नाही. ती संकोचली. “मला रंगवून नाही वाचता येत.” म्हटलं, ताई, जसं येतं तसं वाचा. तो तुमच्या कुशीत बसून ऐकतोय, त्याला तेवढं पुरेसं आहे.

“पण वाचू काय? घरात पुस्तक नाही.”

म्हणून मी शाळेत गेले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंही असावीत. तशी या शाळेतही पुस्तकं होती, लोखंडी कपाटात, कुलपात. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला बाहेर यायची, फोटो झाला की परत आत. बाईंनी कपाट उघडलं तेव्हा डांबरगोळ्यांचा वास आला. बालभारतीच्या ‘किशोर’चे अंक सुतळीने बांधलेले, गाठ कधी सुटलीच नव्हती. 1971 पासून मुलांसाठी निघणारं हे मासिक इथे मुलांना दिसतच नव्हतं!

बाईंना दोष द्यायला माझी जीभ रेटली नाही. दोन वर्ग एकटीने सांभाळत होत्या. “फाटलं-हरवलं तर भरून कोण देणार? तपासणीला आकडा जुळावा लागतो.” ही भीती खरी आहे आणि शाळाशाळांतून आहे. मुलांना वाचनाची गोडी नाही असं आपण म्हणतो, पण पुस्तक फाटण्याची मुभाच नसेल तर गोडी लागणार कुठून?

तोडगा मुख्याध्यापकांनी काढला. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव झाला की वापरून फाटलेलं पुस्तक निर्लेखनात दाखवायचं, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करायचं, बाईंकडून वसूल करायचं नाही. त्यानंतर भिंतीला दोरी बांधली, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं लटकवली, मुलांच्या छातीएवढ्या उंचीवर, मुखपृष्ठ पुढे करून. देवघेवीची वही चौथीची दोन मुलं सांभाळू लागली. परिपाठानंतर बाई दहा मिनिटं मोठ्याने वाचायच्या. प्रश्न नाहीत, तात्पर्य नाही.

पहिले तीन आठवडे सोहमने अगदी पातळ पुस्तकं नेली, पानाला एक ओळ असलेली. आईचा फोन आला: “अहो, ही तर पहिलीच्या पोरांची!” नेऊ द्या, म्हटलं. जे पुस्तक आपण पुरं करू शकतो तेच मूल आधी उचलतं, आणि पुरं केल्याचा आनंद त्याला कित्येक दिवसांनी मिळत होता. वडिलांना गप्प बसणं सगळ्यात जड गेलं. ते ओसरीवर जाऊन बसायचे.

मग पक्ष्यांचं एक पुस्तक त्याच्या हाती लागलं. शनिवारी बाईंपाशी आला, पान उघडून बोट ठेवलं. “बाई, हे चुकलंय. भारद्वाजाचे डोळे लाल असतात. इथे काळे काढलेत.” त्यांच्या बांधावरच्या करंजात भारद्वाजाचं घरटं होतं, रोज बघायचा. बाई म्हणाल्या, “बघ बरं, खाली काय लिहिलंय?” त्याने वाचलं. जोडाक्षरांसकट, अडत अडत, सगळा परिच्छेद. आत “लाल डोळे” असं स्पष्ट छापलेलं होतं. चूक चित्रात होती. त्याने देवघेवीच्या वहीत पुस्तकाच्या नावासमोर लिहून ठेवलं: “चीत्र चुकले आहे. लिहीलेले बरोबर.” बाईंनी त्यातलं शुद्धलेखन सुधारलं नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

दिवाळीनंतर आई पुन्हा भेटली. आता नवी तक्रार: “तेच पक्ष्यांचं पुस्तक तिसऱ्यांदा आणलंय. दुसरं घे म्हणू का?”

नका म्हणू, म्हटलं.