डोंगरात घातलेलं घड्याळ आणि नाकारलेली वॉरंटी

प्रश्न : वकीलसाहेब, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे यंत्रमाग आहेत. गेल्या वर्षी दिवाळीत पुण्यातल्या अधिकृत शोरूममधून ४ लाख ६० हजारांचं स्विस ऑटोमॅटिक घड्याळ घेतलं. वॉरंटी पाच वर्षांची, डायलवर 'वॉटर रेझिस्टंट १०० मीटर' छापलेलं. ट्रेकला घालणार हे आधीच सांगितलं होतं, त्यावर सेल्समनने 'ट्रेकला, पोहायला बिनधास्त घाला सर' असा व्हॉट्सअॅप मेसेज केला होता. या नोव्हेंबरात नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना घड्याळ कातळावर आपटलं. आठवडाभरात ते रोज पाच-सहा मिनिटं मागे पडू लागलं, काचेखाली बाष्प आलं. सर्व्हिस सेंटर म्हणतं, हा बाह्य आघात आणि गैरवापर आहे, शिवाय पट्टा बाहेर बदललाय, म्हणून वॉरंटी रद्द. ६८ हजारांचं इस्टिमेट हातात दिलंय. पट्टा मी इथल्या नवी पेठेत बदलला होता. बिल फर्मच्या नावावर आहे. तक्रारीत आपटल्याचा उल्लेखच केला नाही तर चालेल का? जुलैत राजगडला पावसात भिजलो तेव्हाही थोडं बाष्प दिसलं होतं, पण फोटो पाठवल्यावर सेल्समन 'आपोआप जाईल' म्हणाला होता.

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिली आहे. जुलैमधलं बाष्प. कातळावर आपटण्याच्या चार महिने आधी घड्याळात ओल शिरली होती, तुम्ही ते कळवलं होतं आणि विकणाऱ्याने ते उडवून लावलं. तुमची केस उभी राहणार ती यावर. नोव्हेंबरच्या आपटण्यावर नाही.

म्हणून आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर : आपटल्याचं लपवू नका. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ग्राहक आयोगापुढचं कामकाज न्यायालयीन मानलं जातं आणि खोटा पुरावा देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली गुन्हा आहे. शिवाय घड्याळाच्या बाहेरच्या आवरणावर आपटल्याची खोच कुणापासून लपणार? सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर ती नोंदलेली असणारच. एक गोष्ट लपवलेली सापडली की जुलैच्या फोटोवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

तुमच्या घड्याळात दोन वेगळे बिघाड आहेत. कंपनीने ते एकात कालवले आहेत, तुम्ही ते वेगळे काढायचे. घड्याळ मागे पडणं हा बहुधा आपटण्याचा परिणाम. आतलं, वेळेची गती राखणारं बॅलन्स व्हील ज्या आसावर फिरतं, त्याची टोकं केसासारखी बारीक असतात. शॉक रेझिस्टंट घड्याळांसाठीचं आयएसओ १४१३ हे मानक साधारण एक मीटरवरून कठीण लाकडी जमिनीवर पडण्याइतका धक्का गृहीत धरतं. चढताना हात कातळावर जोरात आदळला तर धक्का त्याहून मोठा असू शकतो. हा खर्च कंपनीच्या माथी मारता येईल असं मला वाटत नाही. अपघाती नुकसान जवळपास प्रत्येक वॉरंटीतून वगळलेलं असतं आणि ते वगळणं मला गैरही वाटत नाही.

ओलीचं तसं नाही. १०० मीटर म्हणजे १० बार, तोही प्रयोगशाळेतला स्थिर दाब. तेवढा दाब सोसणाऱ्या घड्याळाला राजगडचा पाऊस काहीच नाही. पावसात बाष्प आलं याचा अर्थ दोनपैकी एक : पाणी अडवणाऱ्या रबरी गॅस्केटमध्ये किंवा सीलमध्ये दोष होता, नाहीतर चावी (वेळ लावायचं बाजूचं बटण) नीट बसवलेली नव्हती. तुमच्या घड्याळाची चावी आटे पिळून बसवायची आहे का, हे पाहून मला कळवा. तशी असेल तर 'तुम्हीच ती उघडी ठेवली' हा बचाव नक्की येणार.

गैरवापर हा शब्द मी मुळीच मान्य करणार नाही. १९५३च्या एव्हरेस्ट चढाईचं नाव घड्याळाच्या जाहिरातीत आजही येतं. डोंगर, दोर आणि बर्फ दाखवून माल विकायचा आणि गिऱ्हाईक डोंगरावर गेलं की त्याला गैरवापर म्हणायचं, हे चालू देता कामा नये. मात्र कायद्यातली एक खाच लक्षात ठेवा. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ नुसार खरेदीदाराने कशासाठी वस्तू हवी ते सांगितलं असेल आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली असेल, तर वस्तू त्या कामाला योग्य असण्याची हमी गृहीत धरली जाते. पण ठरावीक वस्तू तिच्या ब्रँडच्या नावावरच घेतली असेल तर हा आधार निसटतो. समोरचा वकील त्यावरच बोट ठेवेल. त्याला उत्तर म्हणजे तो 'बिनधास्त घाला' मेसेज. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका, पूर्ण संभाषण तारखांसह एक्स्पोर्ट करून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र आपण जोडू.

पट्ट्याचा मुद्दा किरकोळ आहे. पट्टा आवरणाच्या बाहेर, स्प्रिंग बारवर (स्प्रिंगच्या छोट्या दांडीवर) बसतो. त्यासाठी मागचं झाकण उघडावं लागत नाही. नवी पेठेतल्या दुकानदाराकडून 'फक्त पट्टा बदलला, झाकण उघडलं नाही' एवढं लिहून घ्या.

बिल फर्मच्या नावावर आहे याची मात्र मला खरी काळजी वाटते. व्यापारी हेतूने माल घेणारा ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत 'ग्राहक' ठरत नाही आणि कंपनीचा पहिला आक्षेप हाच असेल. दिलासा असा की सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टच्या प्रकरणात खरेदीमागचा मुख्य हेतू पाहायला सांगितलं आहे : खरेदीचा नफा कमावण्याच्या कामाशी थेट संबंध आहे का? मनगटावरच्या घड्याळाने कुणाचे माग चालत नाहीत. पण फर्मने या घड्याळावर जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलं असेल किंवा घसारा लावला असेल, तर 'वैयक्तिक वापर' हे तुमचं म्हणणं तुमच्याच वह्या खोडून काढतील. वैयक्तिक वापराच्या मालावर ते क्रेडिट मुळात मिळतच नाही. त्यामुळे नोटीस पाठवण्याआधी तुमच्या सीएंकडे जा आणि चूक झाली असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. फर्म एकट्याच्या मालकीची असेल तर तक्रारदार तुम्हीच. भागीदारी असेल तर तक्रार फर्मच्या नावे करावी लागेल.

घड्याळ आत्ता सर्व्हिस सेंटरमध्ये आहे ना? मग इस्टिमेटवर सही करू नका आणि उघडण्याची संमती देऊ नका. आज ई-मेल करा : घड्याळ आहे त्या स्थितीत ठेवा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा, न उघडता हवेच्या दाबाची चाचणी घ्या आणि अहवाल लेखी द्या. गळती चावीपाशी निघाली आणि खोच दुसऱ्याच बाजूला असली, तर तुमचं पारडं खूप जड होईल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ खाली आयोग वस्तू सीलबंद करून तपासणीला पाठवू शकतो, पण गॅस्केट बदलून झाल्यावर तपासायला काही उरत नाही. आणि दोष सिद्ध करायची जबाबदारी पहिल्यांदा तक्रारदारावरच असते.

त्यानंतर शोरूम आणि भारतातली आयातदार कंपनी, दोघांनाही नोटीस. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, कधी कधी तेवढ्यानेही कंपनी नरमते. नाहीच झालं तर पुण्याला खेटे घालायची गरज नाही. २०१९च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथेच दाद मागायची सोय केली आहे, त्यामुळे सोलापूरच्या जिल्हा आयोगात तक्रार चालेल. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची आहे आणि ती मोजताना दिलेली किंमत धरतात. ५ लाखांपर्यंत फी शून्य. मुदत दोन वर्षांची. ती नोव्हेंबरपासून न धरता जुलैपासून धरा, म्हणजे वादच नको.

वॉरंटीची अटच अन्यायकारक म्हणून रद्द करा, अशी मागणी घालू नका. अन्यायकारक कराराचा विषय राज्य आयोगाच्या अधिकारात येतो, आपली साधी तक्रार विनाकारण तिकडे जाईल.

पूर्ण किंमत परत मिळेल अशी आशा मी देणार नाही. खोच पडलेलं, वर्षभर वापरलेलं घड्याळ आहे. आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो आणि तसं झालं तर जरूर बसा. ओलीमुळे झालेली दुरुस्ती आणि सगळी गॅस्केट मोफत, दुरुस्तीनंतरच्या दाब-चाचणीचा लेखी अहवाल, त्या कामाला किमान एक वर्षाची नवी वॉरंटी आणि तुमचा नोटिशीचा खर्च, एवढं कंपनी देत असेल, तर बॅलन्सचा आणि खोचेचा खर्च तुम्ही सोसून तडजोड करा असं मी सांगेन. फक्त ६८ हजारांच्या इस्टिमेटमधला कुठला आकडा ओलीचा आणि कुठला आपटण्याचा, याची फोड सही करण्याआधी त्यांच्याकडून लेखी घ्या.