'शॉक देणार आहेत' की आणखी काही?

प्रश्न असा आला आहे: जवळच्या मैत्रिणीला तीव्र नैराश्य आहे, औषधांनी उतार पडेना म्हणून डॉक्टरांनी ईसीटी (इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी, म्हणजे डोक्याला थोडी वीज देऊन आकडी आणण्याचा उपचार) सुचवली आहे. जो तो 'तिला शॉक देणार' म्हणतो आणि ते ऐकून विचारणारीच्या पोटात गोळा येतो. याला नीट मराठी शब्द आहे का? 'विजेचे झटके' चालेल का?

'विजेचे झटके' नकोच. त्यात भीती तेवढी आहे, माहिती नाही. 'शॉक'चा दोष मात्र बोलणाऱ्यांचा नाही. १९३८ मध्ये रोमला चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी हा उपचार सुरू केला, तेव्हा त्यांनीच त्याला 'एलेत्रोशॉक' म्हटलं. पण त्याआधी, १९३४ मध्ये, बुडापेस्टचे मनोविकारतज्ज्ञ मेदुना रुग्णांना कापराचं इंजेक्शन देऊन मुद्दाम आकडी आणत होते. तिथे वीज नव्हतीच! गुण येतो तो आकडीमुळे. वीज हे ती आणण्याचं साधन, कापरापेक्षा कितीतरी भरवशाचं. 'शॉक' म्हणताना आपण साधनाचं नाव घेतो आणि उपचार गाळतो.

म्हणून लिहिताना 'विद्युत-आकडी उपचार' मला बरा वाटतो. 'आक्षेप' हा आयुर्वेदातला जुना शब्द अर्थाने चपखल आहे, पण 'विद्युत-आक्षेप उपचार' वाचून आज कुणालाही वाटेल की विजेला कुणीतरी हरकत घेतली आहे. बोलताना सरळ 'ईसीटी' म्हणा. 'केमो' आपण पचवलाच की.

झटके तर आता दिसतही नाहीत. आधी भूल देतात, मग स्नायू सैल करणारं औषध. आकडी बहुधा मिनिटभराच्या आत संपते आणि ती मुख्यतः मेंदूच्या आलेखावर दिसते. काही ठिकाणी एका घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा आवळून ते औषध तेवढ्या पावलापुरतं अडवतात. मग आकडी पावलाच्या थरथरण्यातून कळते. हाताला तारेचा शॉक बसतो त्याच्याशी याचं नातं नावापुरतंच.

माझ्या मते खरी गोम नामापेक्षा क्रियापदात आहे. शॉक बसतो तो अपघाताने आणि देतात तो बहुतेकदा शिक्षा म्हणून. दोन्हीकडे माणूस नुसता सोसणारा. औषध मात्र आपण 'घेतो'. मैत्रिणीने समजून होकार दिला असेल तर 'ती ईसीटी घेते आहे' म्हणा, म्हणजे वाक्यात कर्ता तीच राहते. अर्थात कधी आजार इतका बळावतो की माणूस बोलत नाही, खात नाही, होकार द्यायच्या स्थितीतच नसतो. तेव्हा 'देणार आहेत' हेच खरं. तिथे 'घेते आहे' म्हणणं ही सारवासारव होईल.

आणखी एक शब्द जपून वापरा: स्मृतिभ्रंश. 'ईसीटीने स्मृतिभ्रंश होतो' असं सर्रास ऐकू येतं. स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया, तो वेगळा आजार. इथे होतं ते विस्मरण. उपचारांच्या आसपासचे दिवस पुसट होतात, त्याआधीच्याही काही आठवणी जातात. बऱ्याच परततात, काही परतत नाहीत. हे तिच्यापासून लपवू नका. वीज डोक्याच्या एकाच बाजूने देणार की दोन्ही, हे डॉक्टरांना विचारायला तिला सुचवा, कारण एका बाजूने दिल्यास विस्मरण सहसा कमी होतं. ईसीटी बहुधा आठवड्यातून दोन-तीनदा, अशी सहा ते बारा वेळा होते आणि बरं वाटल्यावरही आजार उलटू नये म्हणून पुढे औषधं लागतात. तेव्हा 'एकदाचे शॉक झाले की सुटली' हे वाक्यही नको.

त्या काळात ती तोच प्रश्न तुम्हाला पुन्हा विचारेल. 'आत्ताच सांगितलं ना' म्हणू नका, नुसतं उत्तर द्या.