करवंदं तोडायची, काढायची, की वेचायची?

प्रश्न असा आला आहे: "'आम्ही सड्यावर करवंदं तोडली आणि मग खाडीवर जाऊन तिसऱ्या पकडल्या' असं मी लिहिलं. देवगडच्या नातेवाइकांनी दोन्ही क्रियापदं खोडली. करवंदं काढतात म्हणे, आणि तिसऱ्या कुणी पकडत नाही. यात चूक नेमकी कुठे आहे?"

(सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार, तिसऱ्या म्हणजे खाडीतले खायचे शिंपले.) व्याकरणाची चूक नाही. घाटावर 'करवंदं तोडली' सर्रास म्हणतात आणि ते कुणाला खटकत नाही. पण कोकणात या कामांची क्रियापदं बरीच काटेकोर आहेत. ती ठरतात फळ झाडापासून कसं सुटतं त्यावर. जोड्या लावून पाहा: तुटतं ते तोडतात, पडतं ते पाडतात, निघतं ते काढतात. आणि आधीच खाली पडलेलं असतं ते वेचतात.

पिकलेलं करवंद तुटत नाही, निघतं. चिमटीत धरून किंचित पीळ दिला की देठ झाडावर राहतो आणि फळ हातात येतं. ओढावं लागलं तर ते अजून कच्चं आहे असं समजावं. तसं ओढलं की देठाच्या जागी पांढरा चीक येतो, तो बोटांना आणि ओठांना चिकटतो आणि पाण्याने काही केल्या जात नाही. खोबरेल चोळावं लागतं. पिकलेल्यालाही थोडा चीक असतो, पण त्याचा त्रास होत नाही. म्हणजे 'करवंदं तोडली' ऐकल्यावर जाणत्या माणसाच्या डोळ्यांपुढे हिरवी, लोणच्याची करवंदं येतात, आणि लोणच्यासाठी ती खरोखर तोडतातच. मालवणीतलं 'करवंदां काढूक' हे मात्र काळ्या, खायच्या करवंदांबद्दल असतं. तुमच्या वाक्यातला घोटाळा हा एवढाच.

काढण्यात हात घाईने चालत नाही, याला कारण काटे. करवंदीचा काटा सरळ, जोडीने येणारा, कधी टोकाला दुभंगलेला. तो हात आत घालताना टोचतो. तोरण या रानफळाच्या झुडपाचा काटा आखूड आणि मागे वळलेला, तो हात बाहेर काढताना धरतो. म्हणून तोरणं ओरबाडायची नाहीत; पांढऱ्या फळांचा अख्खा घोस देठापाशी मोडून घ्यायचा आणि बाजूला बसून खायचा. इथे 'घोस तोडला' अगदी बरोबर आहे, कारण डहाळी खरंच तुटते. करवंदीच्या जाळीत हात घालण्याआधी काठीने बुंधा हलवून घ्यावा. कातळाच्या सड्यांवर फुरशी (छोटे विषारी साप) असतात आणि दुपारच्या उन्हात ती अशाच सावलीला येऊन बसतात. भांडं पसरट घ्या, थर चार बोटांपेक्षा जाड नको. बादली भरली तर तळची करवंदं वरच्यांच्या वजनाने फुटतात आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतात. पहिला पाऊस झाला की चव पाणचट होते आणि आत अळ्या सापडू लागतात, तेव्हा करवंदांचा खरा हंगाम एप्रिल-मे एवढाच. (फळ फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी, हा खेळ मुलांना शिकवायला विसरू नका. शब्दांइतकाच तोही टिकायला हवा.)

जांभळं पाडतात. झाड उंच, फळं फांद्यांच्या टोकाला, आणि पिकलेलं जांभूळ देठाला जेमतेम धरून असतं. वर चढून एकेक काढायला जाऊ नये, जांभळाची फांदी ठिसूळ असते आणि न वाकता एकदम मोडते. खालून आकडीने फांदी गदागदा हलवायची, चौघांनी जुनी चादर ताणून धरायची. चादर जमिनीवर नुसती अंथरली तर निम्मी जांभळं फुटतात, म्हणून ती कमरेच्या उंचीवर हवी आणि थोडी सैल. घट्ट ताणली तर फळं उसळून बाहेर जातात. चादरीत आली ती 'झेललेली', मातीत गेली ती 'वेचलेली'. घरी टोपलीतून कुणी जांभळं उचलताना 'वेचलेली आहेत का?' असं विचारलं, तर रोख धुण्याकडे असतो.

वेचणे हे क्रियापद खाली वाकण्याचं. बकुळीची फुलं वेचतात, कारण ती आपणहून गळतात. झाडावरची बकुळ कुणी काढत बसत नाही. सकाळी रायवळाच्या झाडाखाली पडलेले आंबे वेचतात. मालवणीत याला 'पुंजावणे' असाही शब्द आहे. पण हापूस कधी वेचायचा नसतो. तो काढतात, म्हणून 'काढणी'. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या, आंबे काढायच्या 'नूतन झेल्या'ला पातं आणि जाळी दोन्ही असतात ती यासाठी, की आंबा देठासकट यावा आणि जमिनीवर आपटू नये. देठ मुळाशी तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळे डाग पडतात.

काजूची गंमत अशी की एका फळाला दोन क्रियापदं लागतात. बोंडू पाडतात किंवा पडलेला वेचतात, बी मात्र पिरगळून काढतात. पिकलेल्या बोंडूची बी एका पिळात सुटते. ओल्या बीच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं, तेव्हा ती दातांनी सोडवू नये.

'खुडणे' नखाने होतं आणि ते कोवळ्या पाल्यासाठी राखून ठेवावं. पावसाच्या तोंडावर टाकळा खुडतात, भारंगीची पानं खुडतात. करवंदं खुडली असं कुणी म्हणत नाही.

आता तिसऱ्या. पकडणे हे पळणाऱ्यासाठी: मासे, कुर्ल्या, झिंगे. तिसऱ्या चिखलवाळूत पुरून बसलेल्या असतात, म्हणून त्या काढतात. पायाच्या बोटांनी चाचपायचं, टणक लागलं की हाताने उकरायचं. कालवंही काढतात, पण ती खडकाला घट्ट चिकटलेली असल्याने आधी वरचा शिंपला फोडावा लागतो. म्हणून 'कालवं फोडायला गेले' हेही चालतं. तिथे अनवाणी जाऊ नये, शिंपल्याची धार पाय कापते.

या कामाला 'सुकती' म्हणजे ओहोटी लागते, आणि तिची वेळ तिथीवरून काढता येते. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, तर दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती आणि त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या आसपास, पूर्ण सुकती. साडेआठला खाडीत उतरायचं आणि पाणी फिरलं की वर यायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप आत जातं आणि एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. पाणी फारसं सुकत नाही, जायचा खटाटोप वाया. गावातल्या खाडीच्या मुखाप्रमाणे थोडा फरक पडतो, तेव्हा खाडीत रोज उतरणाऱ्याला विचारून घ्या.

काढलेल्या तिसऱ्या दोन-तीन तास खाडीच्याच पाण्यात ठेवल्या की त्या आतली वाळू सोडतात. गोड्या पाण्यात ठेवल्या तर तोंड मिटून बसतात आणि मरतात, वाळू पोटातच राहते. शिजवण्याआधी उघडी असलेली तिसरी टिचकी मारूनही मिटली नाही तर ती मेलेली, टाकून द्या. शिजल्यावरही जी उघडत नाही ती खाऊ नका.

तुमचं वाक्य कोकणी कानाला बसेल असं: "सड्यावर करवंदं काढली, येताना जांभळं पाडली, आणि सुकती लागल्यावर खाडीत तिसऱ्या काढल्या." दोनदा 'काढली' आलं म्हणून खटकत असेल तर दुसऱ्या ठिकाणी 'तिसऱ्या उकरल्या' लिहा, 'पकडल्या' नको.