जुना टाटा ४०७ सेल्फ घेतो पण स्टार्ट होत नाही, मिस्त्री पंप उतरवायला सांगतोय. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी २००३ ची आहे, द्राक्षांचा हंगाम संपल्यावर आडगावला तीन आठवडे उभी होती, आता सेल्फ जोरात घेते पण इंजिन पकडत नाही. पंप, म्हणजे सिलिंडरकडे दाबाने डिझेल पाठवणारा इंजेक्शन पंप, उतरवू देऊ नका, निदान आज तरी नाही. उभी करताना चांगली चालणारी गाडी नुसती उभी राहिली म्हणून सहसा पंपातून जात नाही. पाइपातलं डिझेल मात्र हळूहळू टाकीकडे उतरतं आणि त्याच्या जागी हवा शिरते. माझा पहिला संशय तिथेच आहे.

मी पिंपळगाव बसवंतचा. घरच्या जुन्या गाड्या कांद्या-द्राक्षांवर चालतात आणि त्यांचं काम मी स्वतः करतो. पाना हातात घेण्याआधी मी सायलेन्सरपाशी जाऊन उभा राहतो. तुम्हीही एकाला चावीवर बसवा, पंधरा सेकंद सेल्फ मारायला सांगा आणि धूर बघा. मग मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फची मोटार जळेल. अजिबात धूर नाही, याचा अर्थ सिलिंडरपर्यंत डिझेलच पोचत नाही. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर आला, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. या दोन वाटा वेगळ्या आहेत. कोणती ते कळल्याशिवाय काहीही खोलणं म्हणजे पैसे घालवणं.

धूर नसेल तर आधी इंजिन बंद करायची केबल बघा. गाडी उभी राहिली की ती गंजते, आत ढकलली तरी पंपावरचा लिव्हर पूर्ण मागे येत नाही आणि पंप बंदच राहतो. लिव्हर हाताने हलवून खात्री करा. केबलऐवजी सोलेनॉइड (विजेवर चालणारा बंद-चालू खटका) असेल तर चावी फिरवल्यावर ‘टक्’ असा आवाज यायला हवा. नाही आला तर वायर आणि फ्यूज तपासा.

ते ठीक असेल तर एअर काढा, म्हणजे पाइपात शिरलेली हवा बाहेर काढा. डिझेल फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा आणि फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हँड पंप हाताने मारत राहा. सुरुवातीला दुधाच्या फेसासारखं पांढरट, बुडबुड्यांचं डिझेल येईल. घाई करू नका. स्वच्छ, अखंड धार लागली की हँड पंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळा. मग दोन नॉझलचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्यांचे) पाइपनट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल उसळायला लागलं की आवळा. त्या वेळी तोंड किंवा हात जवळ नेऊ नका, दाबाने आलेलं डिझेल कातडीत घुसतं.

एअर काढल्यावर गाडी चालू झाली आणि सकाळी पुन्हा तेच, तर हवा कुठून शिरते ते शोधावं लागेल. इथेच बहुतेक लोक फसतात. ते ओला डाग शोधत बसतात. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, त्यामुळे तिथली गळती थेंब बाहेर टाकत नाही, हवा आत घेते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं. बंजो बोल्टचे (पाइप जोडणारे, आतून पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर, तडकलेला रबरी होज आणि टाकीतला ओढनळी पाइप ही नेहमीची ठिकाणं. वॉशर जुनेच परत लावू नका, नवे स्वस्तात मिळतात.

पक्कं निदान हवं असेल तर टाकीकडचा पाइप काढून फीड पंपाला स्वच्छ होज जोडा आणि इंजिनपेक्षा वर टांगलेल्या पाच लिटरच्या कॅनमधून डिझेल द्या. पुन्हा एअर काढा. गाडी चालू होऊन चालूच राहिली तर पंप निर्दोष आहे, दोष टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या वाटेत आहे. या एका चाचणीने पंपाचा वाद मिटतो.

पांढरा धूर येत असेल तर डिझेल इंजिनाचं मूळ लक्षात घ्या : इथे स्पार्क नसतो, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. त्यासाठी इंजिन वेगात फिरायला हवं. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, तेव्हा थकलेली बॅटरी गाडी फिरवते पण पेटवत नाही. टर्मिनल आणि इंजिनची अर्थ पट्टी घासून घ्या, दुसरी चांगली बॅटरी लावून बघा. त्यानंतर डिझेलमध्ये पाणी, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), नॉझल, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) तपासा. एअर क्लीनरमध्ये स्प्रे किंवा पेट्रोलचा बोळा घालून पेटवायला कुणी सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा. इंजिनला आतून मार बसतो आणि आगीचा धोकाही असतो.

नॉझल बाहेरच तपासून घ्या, हे काम अंदाजाने होत नाही. नाशिकला त्याची सोय आहे. मायको, म्हणजे २००८ पासूनची बॉश, हिचा सातपूरचा कारखाना डिझेलच्या नॉझल-इंजेक्टरसाठीच ओळखला जातो आणि त्र्यंबक रोडवरच्या चौकाला लोक अजून मायको सर्कलच म्हणतात. टेस्ट बेंच (नॉझल तपासायचं यंत्र) असलेल्या दुकानात जा आणि फवारा समोर उभं राहून बघा : धुक्यासारखा बारीक सुटायला हवा, धार किंवा थेंब नको.

पंपात स्वच्छ डिझेल भरपूर येतंय, लिव्हर मोकळा आहे, तरी सेल्फ मारल्यावर नॉझलच्या सैल केलेल्या एकाही नटातून थेंब निघत नाही, असं झालं तरच पंप उतरवा. त्याआधी पंपाच्या फ्लँजवर (इंजिनला बोल्टने बसणारी कड) आणि इंजिनवर मिळून एक सरळ खूण ओढून घ्या, म्हणजे परत बसवताना टायमिंग, म्हणजे डिझेल सोडायची नेमकी वेळ, जागेवर येईल.