वाचकांचे प्रश्न: वायफाय लावलं की इअरबड तुटायलेत

प्रश्न: नमस्कार सर, मी लातूरला रूम करून राहते, नीटची तयारी चालूय. लेक्चर लॅपटॉपवर बघते, कानात ब्लूटूथचे बड. डाउनलोड करून ठेवलेलं लेक्चर असलं की आवाज एकदम क्लिअर, पण वायफायवर लाइव्ह चालवलं की तुटतुट तुटतो, काहीच कळंना गेलंय. आणि गंमत म्हणजे ब्लूटूथ बंद केलं की नेटचा स्पीड पण वाढतो. रूममेट म्हणती बड भंगार आहेत, नवे घे. पप्पांना पैसे मागायच्या आधी तुम्हाला विचारावं म्हणलं.
(एक वाचक, लातूर)

उत्तर: पप्पांना फोन करू नको, बड चांगले आहेत. डाउनलोड केलेलं नीट ऐकू येतंय ना, मग बडचा काय दोष? नवे महागाचे आणले तरी हेच होणार.

भांडण लॅपटॉपच्या आत आहे. ब्लूटूथ चालतं २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झमधे, आणि तुझं वायफाय बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे २४०० मेगाहर्ट्झच्या आसपास आहे, म्हणजे तेच रान. लॅपटॉपमधे दोन्ही एकाच चिपवर असतात, कधीकधी अँटेनाही एकच. आता वायफाय जेव्हा पाठवायला लागतं तेव्हा त्याचा स्वतःचा आवाज ब्लूटूथला बाहेरून येणाऱ्या सिग्नलच्या कोट्यवधी पट मोठा असतो, तर ब्लूटूथला ऐकू काय येणार, बहिरंच होणार. म्हणून चिप बनवणाऱ्यांनी एका विहिरीवर दोन भावांची पाळी असते तशी पाळी लावून दिली, थोडा वेळ ह्याचा थोडा वेळ त्याचा, सगळं मिलिसेकंदात. तुझं लेक्चर वायफायनं येणार आणि त्याचाच आवाज ब्लूटूथनं जाणार, म्हणजे दोघांनाही एकाच टायमाला पाळी पाहिजे, आणि मग कोणाची तरी कमी पडती.

नेटचा स्पीड का पडतो ते तर अजून भारी आहे. ब्लूटूथची पाळी आली की लॅपटॉप राउटरला चक्क खोटं सांगतो की मी झोपलोय, तू डेटा धरून ठेव. राउटर बिचारा थांबतो. पण कधी हा निरोप वेळेवर पोचत नाही, राउटर पाठवत राहतो, पोच येत नाही, मग त्याला वाटतं सिग्नलच खराब आहे आणि तो स्पीड कमी करून परत पाठवतो. कमी स्पीडनं तोच डेटा हवेत जास्त वेळ घेतो, म्हणजे ब्लूटूथला अजून कमी जागा, म्हणजे अजून अडकणं. असं चक्र फिरत राहतं.

ब्लूटूथ एका जागी बसत नाही हे खरंय, ७९ चॅनेलवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतं, आणि २००३ च्या १.२ आवृत्तीपासून गर्दीचे चॅनेल टाळायलाही शिकलंय. पण वायफायचा एक चॅनेल साधारण २० मेगाहर्ट्झ खातो, म्हणजे ब्लूटूथचे वीसेक चॅनेल. तुमच्या बिल्डिंगमधे दर मजल्यावर एक राउटर, कोणी वायफायच्या १ नंबर चॅनेलवर, कोणी ६ वर, कोणी ११ वर, झालं की, ७९ पैकी साठेक गेले. ब्लूटूथला उड्या मारायला कमीत कमी २० चॅनेल लागतात, म्हणजे गर्दीत घुसावंच लागतं.

उपाय एकच मोठा आहे, वायफाय ५ गिगाहर्ट्झवर ने. ब्लूटूथ तिथं नसतंच, भांडण मिटलं. राउटरला तो बँड असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधे वायफाय कार्डच्या अ‍ॅडव्हान्स्डमधे बऱ्याच वेळा प्रीफर्ड बँड असं दिसतं, तिथं ५ निवड, रूमच्या मालकाला विचारायची पण गरज नाही. फक्त ५ चा सिग्नल भिंतीतून लवकर मरतो, आणि मधे पत्र्याचं पार्टिशन असलं तर विचारूच नको. राउटर २.४ चाच असेल तर मालकाला गोडीत सांग की वायफायच्या चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झवरून २० कर, ४० वर ठेवलं की एकटा राउटरच अर्धं रान अडवतो.

पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क यूएसबी ३ मधे लावून बघतेस का? त्या पोर्टचा गोंगाट पण २.४ मधेच सांडतो, इंटेलनं २०१२ मधे स्वतःच तसं लिहिलंय. काढून बघ. आणि लॅपटॉप कधी रिपेअरला उघडला होता का? आतली अँटेनाची बारीक वायर लावायची राहून जाते आणि मग सगळं असंच वागतं. नेटवर कोणी सांगेल कोएक्झिस्टन्सची सेटिंग बंद कर म्हणून, त्याच्या नादी लागू नको, ती बंद केली की पाळीच संपती आणि दोघं एकमेकांवर ओरडत बसतात.

डाउट विचारायला माइक चालू केला की आवाज जुन्या फोनसारखा होत असेल, तर ते वेगळंय. तेव्हा ब्लूटूथ कॉलच्या मोडमधे जातं. माइक लॅपटॉपचा निवडायचा, काम झालं.

प्रश्न: शेतात ओलावा मोजायला ईएसपी-३२ (वायफाय-ब्लूटूथवाला छोटा बोर्ड) लावलंय, सेन्सर ब्लूटूथचा, डेटा घरच्या वायफायवर. दर थोड्या वेळानं वायफाय सुटतंय, काऊन?
(एक शेतकरी वाचक, जिंतूर)

उत्तर: भाऊ, त्या बोर्डात रेडिओच एक आहे, दोन्ही कामं तोच आलटून पालटून करतो. तुम्ही ब्लूटूथचं स्कॅन सतत चालू ठेवलं असणार, म्हणजे विंडो (एका वेळी किती वेळ ऐकायचं) आणि इंटरव्हल (किती वेळानं परत ऐकायला लागायचं) सारखेच, मग वायफायला वेळ उरतो कुठं. इंटरव्हल ३०० मिलिसेकंद ठेवा, विंडो ३० ते ५०. वायफायचं मोडेम स्लीप, म्हणजे मधेमधे वायफायनं डुलकी घेणं, बंद करू नका, दोन्ही सोबत चालवायचे तर ते लागतंच, बंद केलं तर बोर्ड एरर देऊन रिस्टार्ट होतो. आणि ओलावा काय मिनिटामिनिटाला बदलत नाही, पंधरा मिनिटांतून एकदा सेन्सर वाचा, ब्लूटूथ थांबवा, मग डेटा पाठवा. बोर्ड मोटारीच्या लोखंडी पेटीत ठेवला असेल तर आधी तो बाहेर काढा.