पोस्टिंग सांभाळून काम मिळतं का?

तिनं पिशवीतून औषधांची वही काढली आणि माझ्यापुढे उघडी ठेवली. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, मुली एकेका औषधाचं पान भरतात: नाव, डोस, कशासाठी द्यायचं, लक्ष कशावर ठेवायचं. फ्युरोसेमाइडच्या पानावर पहिल्या तीन ओळींचं अक्षर मोत्यासारखं होतं. चौथ्या ओळीत ‘पोटॅशियम’ लिहिता लिहिता पेन घसरलं होतं आणि निळी रेघ पार पानाच्या तळापर्यंत गेली होती.

“इथे मला झोप लागली, मावशी.”

मुलगी दुसऱ्या वर्षाला. वडील वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये. तिथलं काम महिन्यात निम्म्या दिवसांवर आलेलं. फीचा हप्ता तोंडावर होता, म्हणून तिनं एका खासगी नर्सिंग होममध्ये रात्री 8 ते सकाळी 8 अटेंडंटचं काम धरलं होतं. तिथून सुटली की तशीच धावत वॉर्डात. पंधरा दिवसांत दोन पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ पाळ्या, बुडाल्या आणि ट्यूटरनं ताकीद दिली. दांडिया बाजारात मी शनिवारी समुपदेशनाला बसते, तिथे ती आईला घेऊन आली. नर्सिंगच्या मुली दर वर्षी जे विचारतात तेच तिनं विचारलं: कॉलेज सांभाळून, वेळ मागेपुढे करता येईल असं काम कुठे मिळेल?

आधी हजेरी, असं मी म्हटलं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमानं परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत ठरावीक टक्के हजेरी लागते, आणि डिप्लोमा हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलची 100 टक्के भरावी लागते. म्हणजे बुडालेली पोस्टिंग माफ होत नाही, ती अंगावर राहते. रात्रीच्या कामाचे पैसे आज दिसतात, पण त्यापायी पुढे ढकललेला महिना कुणी मोजत नाही.

मग मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट तिनं अगदी सहज सांगितली. रात्री सिस्टर एकच असायची, आणि ती आडवी झाली की हिला हाक यायची: “तू तर नर्सिंगचीच आहेस, एवढं इंजेक्शन देऊन टाक.” तिनं दोनदा दिलं होतं. कौतुक वाटलं होतं तिला त्याचं. मी तिचा हात धरून सांगितलं, बाळा, कॉलेजच्या पोस्टिंगवर तुझ्यामागे ट्यूटर उभी असते. नर्सिंग होममध्ये तू अटेंडंट म्हणून पगार घेतेस. तीन वर्षं पुरी करून गुजरात नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होईपर्यंत तू नर्स नाहीस. रिअॅक्शन आली तर ते तुझ्याही अंगावर येईल. ती गप्प झाली. आईनं मात्र लगेच विचारलं, “मग हे काम सोडायचंच ना?” हो, सोडायचंच.

आता काम कुठलं? घरी अटेंडंट पुरवणाऱ्या ब्यूरोकडे गेलात तर ते बहुतेक 12 तासांची ड्युटी देतात, आणि वर आपला हिस्सा कापून घेतात. विद्यार्थिनीला तो साचा बसत नाही. पण घरी पडून असलेल्या माणसाला 12 तास सारखीच गरज नसते. सकाळी स्पंज, म्हणजे ओल्या फडक्यानं अंग पुसणं, आणि कपडे बदलणं, संध्याकाळी चालवणं, जेवण, रात्रीची तयारी. गरज या दोन वेळांना एकवटते. तेवढेच तीन तास मागणारी घरं असतात. ती ब्यूरोला माहीत नसतात, घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला माहीत असतात. त्यांना सांगून ठेवायचं.

तरी पोस्टिंग बदलली की दुपारची ड्युटी लागते आणि संध्याकाळ हातची जाते. याला मला एकच तोड सापडली आहे. एक घर दोघींनी मिळून घ्यायचं. पोस्टिंग वेगळी असलेली वर्गमैत्रीण शोधायची, महिन्याचा तक्ता समोर ठेवून दिवस वाटायचे आणि दिवसांप्रमाणे पैसे. घरच्यांनी वेळ पुढेमागे करावी अशी आशा धरण्यात अर्थ नाही. आजारी माणसाच्या जेवणाची वेळ कशी हलेल?

आठवडाभरात कारेलीबागेत एक आजी मिळाल्या. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या, वॉकर घेऊन चालायला घाबरणाऱ्या. संध्याकाळी 6 ते 9.

अडले ते वडील. पुढच्या शनिवारी स्वतः आले आणि उभ्यानंच म्हणाले, “आमच्या मुलीनं लोकांच्या घरी जाऊन हागणं-मुतणं काढायचं?” त्यांचं दुखणं मला कळत होतं; काम त्यांचं कमी झालं होतं आणि भरपाई मुलगी करत होती. मी एवढंच विचारलं, वॉर्डात ती काय करते, हे तिनं कधी सांगितलंय का? पहिल्या वर्षी नर्सिंगचे धडे अंथरुण घालण्यापासून आणि बेडपॅन देण्यापासूनच सुरू होतात. ते बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, रात्री 9 वाजता स्कूटर घेऊन मी येईन.

पहिल्याच दिवशी आजींच्या मुलासमोर एक कागद लिहून ठेवायला लावला. करायचं: स्पंज, कूस बदलणं, चालवणं, भरवणं, बीपी मोजून वहीत लिहिणं, घरच्यांनी डबीत काढून ठेवलेल्या गोळ्यांची आठवण करणं. न करायचं: इंजेक्शन, सलाइन, कॅथेटर किंवा कुठलीही नळी घालणं. प्राचार्यांना सांगून परवानगीही घेतली. काही कॉलेजांना बाहेरचं काम चालत नाही, आणि ते मागून कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. शिष्यवृत्तीचा अर्ज यांनी भरलाच नव्हता, तो डिजिटल गुजरात पोर्टलवर पात्रता बघून भरायला सांगितला. कामाआधी खरं तर हेच बघायचं असतं.

त्या कागदाचा उपयोग तिसऱ्या आठवड्यात झाला. आजींचे जावई दुखण्याचं इंजेक्शन घेऊन आले आणि “तू देशील ना?” म्हणाले. तिनं कागद दाखवला. ते जरा चिडले, पण दवाखान्यातून सिस्टर बोलावली.

परवा ती वही दाखवायला आली होती. फ्युरोसेमाइडचं पान तिनं फाडलं नाही, शेजारच्या कोऱ्या पानावर नव्यानं लिहिलंय. पुढच्या महिन्यात तिची नाइट पोस्टिंग सुरू होतेय, तेव्हा सगळ्या संध्याकाळी मैत्रीण जाणार आहे. मैत्रिणीची परीक्षा आली की काय करायचं, म्हणून दोघी आता तिसरी शोधताहेत.