टेकडी, मोडी आणि मेथी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

निवृत्तीनंतरचा वेळ कमी पैशांत आणि मजेत कसा घालवावा, या विषयावर पुण्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. तब्येतीचे तपशील आणि नावे गाळली आहेत. बहुतेक पत्रांत पहिला प्रश्न ‘काय विकत घेऊ?’ असा होता. त्याचे उत्तर आम्ही जवळजवळ प्रत्येकाला ‘आधी महिनाभर काहीच नको’ असे दिले आहे.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा आहे. उजवा गुडघा कुरकुरतो, पण डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली आहे. मित्रमंडळी रोज पर्वती चढतात. मीही सुरुवात करू का? काठी घ्यावी का? (एक वाचक, सहकारनगर)

पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत आणि त्या चढताना दम लागत असला तरी गुडघ्याची परीक्षा उतरताना होते. उतरताना शरीराचे वजन वाकलेल्या गुडघ्यावर पेलत पेलत खाली सोडावे लागते. म्हणूनच ‘चढायला काही वाटले नाही, रात्री मात्र ठणकला’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. आपण सहकारनगरात राहता, म्हणजे तळजाईची टेकडी हाताशी आहे. तिथे वर पठारापर्यंत वाहन जाते आणि वर झाडीतून बऱ्यापैकी सपाट चालता येते. पहिला महिना तिथेच काढा. वीस मिनिटांनी सुरुवात करा आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर गुडघा आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल, तर आदल्या आठवड्याच्या वेळेवर परत या. छातीत दडपण किंवा भोवळ आली तर त्या दिवशीचे चालणे तिथेच थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

काठी जरूर घ्या, पण मापाची. चालण्याचे बूट घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटाच्या आतल्या घडीपर्यंत काठीची मूठ आली पाहिजे. काठी उंच असली तर खांदा चढतो आणि बुटकी असली तर माणूस पुढे वाकतो. दुसरी, फारच सर्रास दिसणारी चूक म्हणजे दुखऱ्या पायाच्याच बाजूला काठी धरणे. आपला उजवा गुडघा दुखतो, तेव्हा काठी डाव्या हातात हवी. उजवा पाय पुढे पडताना डाव्या हातातली काठीही पुढे टेकली, की भार दोघांत वाटला जातो. पायऱ्यांवर चढताना आधी चांगला पाय वर टाकायचा, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय खाली. काठीच्या टोकाचे रबरी बूच झिजून गुळगुळीत झाले की लगेच बदला. पावसाळ्यात ओल्या दगडावर झिजलेले बूच असलेली काठी नसण्यापेक्षाही वाईट. कठड्याला धरून सावकाश पर्वती चढणे यानंतर येऊ द्या, आणि तेही रोज नको.

प्रश्न : वाड्यातल्या जुन्या पेटीत आजोबांच्या वेळचे मोडी कागद सापडले. घरात कोणालाच वाचता येत नाहीत. या वयात (७१) मोडी शिकणे जमेल का, आणि शिकायला खर्च किती? (एक वाचक, सदाशिव पेठ)

या स्तंभाकडे आलेल्या पत्रांत आम्हाला सर्वांत आवडलेला हा प्रश्न. वेळ भरपूर, खर्च नगण्य आणि वाचायचे साहित्य घरातच! विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत शिकवली जात होती, त्यामुळे आजोबांच्या पिढीचे व्यवहाराचे कागद मोडीत असणे अगदी स्वाभाविक आहे. खर्च विचाराल, तर अप्पा बळवंत चौकातून एक रेघी वही, एक जेल पेन आणि मोडीची बाराखडी असलेली एखादी पुस्तिका. बोरू हौसेसाठी नंतर घ्या.

पण पेटीला हात लावण्याआधी कागदांची काळजी. घडीवर तुटायला आलेला कागद जबरदस्तीने उलगडू नका. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून अक्षरे खातो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा काढता येत नाही. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, प्रत्येक पानाचा मोबाइलवर सरळ वरून फोटो घ्या. पुढचा सगळा अभ्यास फोटोवर करा, मोठा करून बघता येतो हा फायदा वेगळाच. मूळ कागद धुतलेल्या सुती कापडात, कोरड्या जागी ठेवून द्या.

आता लिपी. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरे लटकवत जातात. हात शक्यतो उचलायचा नाही, म्हणून वळणे गोल होतात आणि एका अक्षराचे शेपूट पुढच्यात शिरते. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात, आणि इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ हा भेद नाही (शुद्धलेखनाने छळलेल्यांना ही लिपी याच एका कारणासाठी आवडेल). काही अक्षरांची आकृती काना-वेलांटी लागताच बदलते, आणि ‘र’ तर जोडाक्षरात ओळखूच येत नाही. म्हणून नुसती मूळाक्षरे पाठ करून थांबू नका. रोज तीन अक्षरांची पूर्ण बाराखडी गिरवा. रोजची वीस मिनिटे दिलीत तर दीड महिन्यात पुस्तकातली मोडी वाचता येऊ लागते.

बहुतेक जण यानंतर सोडून देतात. पुस्तकातली मोडी सुबक असते आणि पेटीतल्या कारकुनाला घाई असते. इथे युक्ती अशी, की अनोळखी शब्दापासून सुरुवात करायची नाही. पत्राचा मायना ठरीव असतो: ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’. खरेदीखत असेल तर ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘पूर्वेस’, ‘पश्चिमेस’ हे शब्द असणारच. ते आधी शोधा. त्यांतून त्या लेखनिकाची दहा-पंधरा अक्षरे पक्की होतात, ती एका कागदावर उतरवून घ्या आणि त्या तक्त्याच्या आधाराने बाकीचे वाचा. प्रत्येक हाताचा तक्ता वेगळा करायचा.

आकड्यांत एक खास फसगत आहे. उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. ‘५॥’ म्हणजे साडेपाच. या रेघांना विरामचिन्ह किंवा एकचा आकडा समजून लोक रकमेचा घोळ करतात. रुपयाचे आणे १६, आणि पुढे इंग्रजी काळात आण्याचे पै १२.

कागद पेशवाईतले निघाले, तर तारीख शुहूर सनात (त्या काळच्या दप्तरातली कालगणना) असू शकते, तीही अरबी शब्दांत आणि उलट्या क्रमाने: आधी एकक, मग दशक, शतक, हजार. उदाहरणार्थ ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलते, म्हणून जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. ११६१ म्हणजे १७६०-६१, पानिपताचे साल. शालिवाहन शक असेल तर ७८ मिळवा, आणि तारीख जानेवारीपासून पाडव्याच्या आधीपर्यंतची असेल तर ७९.

आपल्यापासून भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे मोडीच्या वर्गाची चौकशी करा. एकट्याने अडलेला शब्द दुसऱ्याच्या डोळ्यांनी चटकन सुटतो. एक सावधगिरी: कागदात जमिनीचा मजकूर असेल, तर आपले वाचन कोर्टकचेरीत पुरावा म्हणून नेऊ नका. त्यासाठी अधिकृत लिप्यंतरकार लागतो.

प्रश्न : मुलगा दुर्बीण घेऊन देतो म्हणतो. पक्षी बघायला १० बाय ५० घेऊ का? चष्मा आहे. (एक वाचक, औंध)

नको. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पट म्हणजे हाताचा कंपही दहा पट, शिवाय ५० च्या भिंगांचे वजन मानेवर येते. ८ बाय ४२ घ्या. ४२ ला ८ ने भागले की सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. उतारवयात बाहुली बहुधा तेवढीही मोठी होत नाही, तेव्हा त्याहून मोठे भिंग वायाच. चष्मा असल्याने डोळा आणि भिंग यांतले सोयीचे अंतर निदान १५-१६ मिलिमीटर आहे ना, ते खोक्यावर बघा आणि डोळ्याकडचे रबरी कप पूर्ण आत फिरवून वापरा.

घरी आल्यावर एकदा जुळणी करा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला लांबची पाटी स्पष्ट करा. मग डावा मिटून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडी तिथेच राहू द्या, पुढे फक्त मधले चाक. हे न केल्यामुळे डोके दुखते आणि दुर्बीण कपाटात जाते.

औंधहून पाषाण तलाव जवळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्य पाठीशी ठेवून बसा. वारकरी (हा काळा पाणपक्षी), जांभळी पाणकोंबडी, बगळे नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतील. चक्रवाकासाठी थंडीत सोलापूर रस्त्यावरचा कवडीपाट. मर्लिन हे मोफत ॲप आवाजावरून नाव सुचवते, पण ते चुकतेही. पक्षी दिसल्याशिवाय वहीत नोंद करू नका.

प्रश्न : गॅलरीत कोथिंबीर कधीच उगवत नाही. मेथी येते. काय चुकते? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

अख्खे धणे पेरता का? धणा म्हणजे दोन बिया चिकटलेले फळ. लाटण्याने हलक्या हाताने दाबून दोन फाका करा. पीठ करू नका. रात्रभर पाण्यात भिजवा, निथळून अर्धा इंच खोल पेरा. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, कोथिंबिरीला आठ ते बारा दिवस लागतात. बरेच जण त्या आधीच कुंडी उकरून बघतात. एप्रिल-मे मध्ये पेरूच नका: उन्हाळ्यात उगवण कमी होते, आणि आलेली कोथिंबीर लगेच फुलावर जाते. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरा.

कुंडी नको, फळवाल्याकडचे पाच इंच खोल खोके पुरे. तळाला भोके पाडा. माती, कंपोस्ट आणि कोकोपीट समान मापाने. चार तास ऊन हवे. कंपोस्टसाठी ओल्या कचऱ्याच्या एका वाटीला चुरलेल्या वाळक्या पानांच्या दोन वाट्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीच्या आवारात पानगळ होते तेव्हाच दोन पोती भरून ठेवा. वास आला तर ओल जास्त आहे, पाने घालून ढवळा. मुंग्या झाल्या तर कोरडे पडले आहे. तेलकट उरलेले अन्न घातले, तर उंदीर येणारच. आणि कठड्यावर काहीही ठेवू नका.

प्रश्न : मी ७६, पत्नी ७०. एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी सहल सुचवा. (एक वाचक, हडपसर)

राज्यातल्या प्रवासात आपल्याला एसटी मोफत आहे (७५ पूर्ण झालेल्यांना, २०२२ पासून) आणि पत्नीला अर्धे तिकीट. आधार कार्ड जवळ ठेवा. वाहकाकडून आपले शून्य रकमेचे तिकीटही मागून घ्या. ही सवलत शहर बससाठी नाही, तेव्हा स्वारगेटपर्यंतचा खर्च वेगळा धरा.

आमची पसंती वाईला. स्वारगेटहून सकाळी लवकरची गाडी धरा. कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपती, मग तीनेक किलोमीटरवर मेणवलीला रिक्षाने. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आणि घाटावर वसईच्या मोहिमेतून (१७३९) आलेली पोर्तुगीज घंटा. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत, एकाने वर बसावे. जुन्नरची लेण्याद्री लोक हमखास सुचवतील, तिथे पायऱ्या सुमारे तीनशे आहेत. गुडघे धड असतील तरच जा. परतीची शेवटची नव्हे, शेवटच्या आधीची गाडी धरा, आणि तिची वेळ वाईत उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर विचारून घ्या. रविवार टाळा. वाईच्या गाडीत त्या दिवशी बसायला जागा मिळत नाही.